सुतार, जुना, नग एक

काम एवढंच होतं, की भिंतीवर एक चित्र लावायचं. दप्तरदारांच्या हिशेबाने अर्ध्या तासाचं. प्रत्यक्षात त्याला दोन महिने अकरा दिवस लागले, एक नळ फुटला, तीन कार्यालयं कामाला लागली, आणि ज्या माणसाला उभ्या आयुष्यात कोणी मूर्ख म्हटलं नव्हतं त्याला एका सरकारी टेबलासमोर 'पक्षी मेल्याचं आपल्याला मान्य आहे का?' या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागलं.

दप्तरदार हे काही त्यांचं नाव नव्हे. पस्तीस वर्षं ते जुन्या कागदपत्रांच्या कार्यालयात होते. कुठल्या वर्षाचा कुठला कागद कुठल्या कपाटात, कितव्या फळीवर, वरून कितवा, हे ते डोळे मिटून सांगत. निवृत्त झाल्यावर लोक नाव विसरले आणि हुद्दा राहिला. त्यांना त्याचं वाईट वाटत नसे. नाव काय, जन्मतःच मिळतं. हुद्दा कमवावा लागतो.

त्यांच्या पत्नीला सगळी बिल्डिंग 'बाई' म्हणायची. मुलींच्या शाळेत त्यांनी एकतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं होतं. दोन्ही हातांत खडू घेऊन एकाच वेळी डावा-उजवा अर्धा बेडूक फळ्यावर काढायच्या, आणि मधल्या रेषेवर दोन्ही अर्धे असे जुळायचे, की मागच्या बाकावरच्या मुलीसुद्धा बोलायच्या थांबायच्या. चार महिन्यांपूर्वी एका सकाळी दात घासता घासता बाई खाली बसल्या, त्या स्वतःच्या बळावर उठल्या नाहीत. उजवं अंग लुळं पडलं. वाचा गेली. राहिला तो एकच शब्द: 'असो'.

डॉक्टरांनी विचारलं, "तुमचं नाव काय?" बाई म्हणाल्या, "असो." पाणी हवं का, तर "असो." मुलगी दुसऱ्या शहरातून धावत आली, पलंगाशी बसून रडली, तेव्हा तिच्या डोक्यावर डावा हात ठेवून त्या म्हणाल्या, "असो." हा शब्द जिथे पडेल तिथे इतका चपखल बसायचा, की पहिले दोन-तीन दिवस भेटायला येणाऱ्यांना बाई मोठ्या शहाणपणाने बोलताहेत असंच वाटलं. नंतर लक्षात आलं, की त्यांना म्हणायचं असतं वेगळंच आणि तोंडातून येतं ते हेच. ते त्यांनाही कळायचं. मग त्यांनी तेही म्हणणं कमी केलं, जेवण कमी केलं, आणि तोंड भिंतीकडे करून पडून राहू लागल्या.

बोलायचे व्यायाम घ्यायला एक तरुण डॉक्टरीण यायची. ती एक दिवस दप्तरदारांना बाहेरच्या खोलीत घेऊन गेली आणि म्हणाली, "काका, मी शब्द शिकवू शकते. पण त्यांना बोलावंसं वाटायला हवं ना. आतली ती भिंत बघा, नुसती पांढरी. समोर काहीतरी लावा. टीव्ही नको. त्यांना मनापासून आवडणारं काहीतरी. काय आवडतं त्यांना?"

हजारो कागदांच्या जागा ज्यांच्या जिभेवर होत्या, त्या माणसाला हे एवढं सांगता येईना. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि म्हणाले, "बघून सांगतो." जणू ते कुठेतरी लिहून ठेवलेलं होतं.

रात्रीपर्यंत सापडलं नाही तेव्हा त्यांनी मुलीला फोन केला.

"पक्षी, बाबा!" मुलगी म्हणाली. "शाळेच्या सहलीला गेली की आई मुलींकडे कमी आणि झाडांकडे जास्त बघायची. मुख्याध्यापिकांनी एकदा लेखी समज दिली होती तिला. तुम्हाला माहीत नाही?"

"माहीत आहे," दप्तरदार म्हणाले. "खात्री करून घेत होतो."

दुसऱ्या दिवशी ते जुन्या पुस्तकांच्या बाजारात गेले. कोर्टाच्या भिंतीलगत पुस्तकवाले ओळीने बसत. त्यातला एकजण जुन्या ग्रंथांतली रंगीत पानं सुटी करून विकायचा. दगडावर रेखाटून छापलेली, मग एकेक हाताने रंगवलेली चित्रं. वर पातळ कागद, खाली वळणदार अक्षरात लॅटिन नाव. दप्तरदारांनी पहिलं पान उचललं आणि त्याच्या डाव्या कडेची कापलेली खूण बघून ते लगेच खाली ठेवलं. पुस्तकातून पान कापणं हा त्यांच्या मते माणसाचा पाय कापण्याएवढाच गुन्हा होता.

"पुस्तक कुठाय याचं?" त्यांनी विचारलं.

"पुस्तक गेलं, साहेब. वाळवीने खाल्लं. पक्षी तेवढे वाचले." पुस्तकवाल्याने गठ्ठा पुढे सरकवला. "पण पक्षी कशाला? फुलपाखरं घ्या. सगळे फुलपाखरंच नेतात, दिवाणखान्यात बरी दिसतात. शिंपले हॉटेलवाले नेतात. आणि समुद्रातले हे लोंबते प्राणी आहेत ना, ते लोक न्हाणीघरात लावतात. का, ते मला विचारू नका."

दप्तरदारांनी एकेक पक्षी बघितला. पोपट भपकेबाज वाटला. घुबडाकडे बघून त्यांना आपल्या शेवटच्या साहेबांची आठवण झाली. मग एक सुतारपक्षी निघाला. सोनेरी पाठ, लाल तुरा, शेपूट खोडाला टेकवून बसलेला, मान किंचित वळवलेली. हातातलं काम सोडून 'काय हवंय?' म्हणून बघावं तसा. हा त्यांना आवडला. कामाचा माणूस दिसला.

फ्रेमवाल्याने चित्र हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं, आणि खालचा लॅटिन नावाचा पट्टा दाखवून म्हणाला, "हे खालचं उडवतो. चौकोनात छान बसेल."

"नाव उडवणार?" दप्तरदारांचा आवाज चढला. "उद्या माझं नाव उडवाल!"

"उडवत नाही, काका, उडवत नाही. मग माउंट मोठं लागेल." माउंट म्हणजे चित्र आणि फ्रेम यांच्यामधला जाड पुठ्ठ्याचा पांढरा काठ. फ्रेमवाल्याने तो लावला, वर काच बसवली, भोवती दारासारखी जड लाकडी चौकट ठोकली, आणि घाईघाईने पावती लिहिली: 'सुतार, जुना, माउंट करून काचेत. नग १.'

ती पावती दप्तरदारांनी घडी न करता, सरळ, पाकिटात ठेवली. ते कुठलीच पावती टाकत नसत. पुढच्या सगळ्या अनर्थाचं मूळ त्यांच्या या सद्गुणात होतं.

चित्र घरी येताच सल्ले सुरू झाले. समोरच्या काकूंनी ते दारातच अडवलं. "आजारी माणसासमोर हा टोचा मारणारा पक्षी? शांत काहीतरी लावा हो. धबधबा लावा. आमच्याकडे आहे धबधबा, ह्यांचा रक्तदाब त्याच्यानेच उतरला." काकूंच्या ह्यांनी मागून हळूच सांगितलं, "गोळीने उतरला."

मग वरच्या मजल्यावरचे इंजिनियर खाली आले. हे पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले. दप्तरदार हातोडी आणि खिळा घेऊन स्टुलावर चढत होते, त्यांना त्यांनी दंड धरून खाली उतरवलं.

"खिळा?" ते म्हणाले. "एवढ्या वजनाला खिळा? दप्तरदार, तुम्ही कागदातले. भिंत माझ्यावर सोडा. भिंत बोलते." त्यांनी बोटाच्या पेराने भिंत ठोकायला सुरुवात केली. प्रत्येक ठोक्यानंतर कान लावत. बाई पलंगावरून बघत होत्या. दिवसभर बाईंचं बघायला येणाऱ्या मावशी हातातलं काम सोडून दारात उभ्या राहिल्या.

"इथे पोकळ," इंजिनियर म्हणाले. "इथे भरीव. इथे पोकळ. हां, इथे! बिल्डिंगचा नकाशा माझ्या डोक्यात आहे. या भिंतीत विटेशिवाय काही नाही."

आणि त्यांनी ड्रिल लावलं.

पाणी आलं ते धारेने नव्हे, फवाऱ्याने आलं. आधी इंजिनियरांच्या चष्म्यावर, मग छतावर, मग सगळीकडे. दप्तरदारांनी चित्र उचलून छातीशी धरलं आणि बाहेर पळाले. मावशींनी चादर ओढून बाईंना झाकलं. इंजिनियर भोकावर तळहात दाबून उभे होते आणि बोटांच्या फटींतून पाणी उडत होतं. "हा नळ नकाशात नाही," ते म्हणाले. सुरात राग नव्हता, दुःख होतं. विश्वासातल्या माणसाने दगा द्यावा तसं.

चादरीखालून बाई म्हणाल्या, "असो."

पाणी खालच्या घरात उतरलं, त्यांचं छत फुगलं. बाईंचा पलंग बाहेरच्या खोलीत हलवावा लागला. फोडलेली भिंत वाळेपर्यंत काही लावायचं नाही असं प्लंबरने बजावलं. बाहेरच्या खोलीत बाईंच्या समोर कपडे वाळत घालायची दोरी होती. त्या दोरीकडे बघत पडून राहिल्या, आणि त्या आठवड्यात डॉक्टरीण आली तेव्हा त्यांनी तोंडच उघडलं नाही. जाताना डॉक्टरीण दाराशी थांबली. "काका, हे दिवस महत्त्वाचे असतात," एवढंच म्हणाली. दप्तरदारांनी मान हलवली. जिना उतरणारी तिची पावलं थांबेपर्यंत ते दार धरून उभे होते.

बिल्डिंगचा विमा होता. सेक्रेटरींनी निरोप पाठवला, की फुटलेल्या नळामुळे ज्यांच्या ज्यांच्या खोलीत पाणी शिरलं त्यांनी खोलीतल्या वस्तूंची यादी द्यावी. बाकीच्यांनी चार ओळी खरडून दिल्या. दप्तरदारांनी फाइल दिली. पलंग, गादी, स्टूल, कपाट. प्रत्येकाला क्रमांक, प्रत्येकाला पावती, पुढे शेरा. सहाव्या क्रमांकावर फ्रेमवाल्याची पावती, शेरा 'सुरक्षित'. न भिजलेल्या वस्तूची नोंद करायचं काही कारण नव्हतं. पण अपुरी यादी द्यायची त्यांना सवयच नव्हती.

चार दिवसांनी विमा कार्यालयातून फोन आला.

"तुमच्या यादीत सहा नंबरला सुतार लिहिलाय."

"हो."

"जुना. काचेत बसवलेला."

"हो."

पलीकडच्या माणसाने आवाज खाली आणला. "साहेब, माणूस आहे का?"

"छे हो!" दप्तरदार म्हणाले. "सुतार म्हणजे सुतारपक्षी."

"हां. पक्षी. माउंट केलेला पक्षी." कागदावर पेन चालल्याचा आवाज आला. "म्हणजे पेंढा भरून?"

दप्तरदार उत्तर देणार तोच बाहेरच्या खोलीतून मावशींनी हाक मारली, बाईंना ठसका लागला होता. "नंतर बोलतो," म्हणून त्यांनी फोन ठेवला. नंतर ते बोलले नाहीत. विमा कार्यालयाला मात्र आपलं कर्तव्य ठाऊक होतं.

दहाव्या दिवशी वन्यजीव कार्यालयाचं पत्र आलं. जावक क्रमांक, दिनांक, संदर्भ, विषय, सगळं जागच्या जागी. दप्तरदारांना निवृत्तीनंतर आलेलं हे पहिलं सरकारी पत्र. लिफाफा बघून त्यांना क्षणभर बरंसुद्धा वाटलं. मग त्यांनी मजकूर वाचला: 'आपण संरक्षित वन्यपक्षी मृत व पेंढा भरलेल्या अवस्थेत विनापरवाना ताब्यात बाळगल्याचे निदर्शनास आले असून, सदर पक्ष्यासह सात दिवसांत समक्ष हजर राहावे.'

ते खुर्चीत बसले. ज्या माणसाने कार्यालयातली टाचणी घरी आणली नाही, त्याच्यावर पक्षी बाळगल्याचा आरोप! दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, चित्र जुन्या चादरीत गुंडाळून ते बसने निघाले. बसमध्ये चौकट कोणाच्या ना कोणाच्या गुडघ्याला लागत होती, आणि प्रत्येकाला ते 'माफ करा, औषधाचं आहे' असं सांगत होते. खोटं नव्हतं ते.

टेबलामागचा अधिकारी त्यांच्या मुलीच्या वयाचा होता.

"पक्षी आणलाय?"

"चित्र आणलंय." दप्तरदारांनी चादर सोडली.

अधिकाऱ्याने चित्राकडे बघितलं, मग चादरीत बघितलं. "आणि पक्षी?"

"पक्षी नाहीच. हे कागदावरचं चित्र आहे. माउंट म्हणजे हा पुठ्ठा."

"पक्षी मेल्याचं आपल्याला मान्य आहे का?"

दप्तरदार प्रामाणिक माणूस. त्यांनी विचार केला. "दीडशे वर्षांपूर्वी मेला असेल. चित्र काढणाऱ्याच्या टेबलावर."

"म्हणजे मेल्याचं आपल्याला मान्य आहे." अधिकाऱ्याने लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवून तो नरमाईने म्हणाला, "काका, मला दिसतंय हो चित्र आहे ते. पण फाइल उघडलीय. उघडलेली फाइल बंद करायची तर पक्ष्याची विल्हेवाट दाखवावी लागते. जंगलात सोडला, नष्ट केला, किंवा संग्रहालयात जमा केला. तीनच रकाने आहेत. चित्र निघालं, असा रकाना नाही."

'रकाना नाही' हे वाक्य पस्तीस वर्षं त्यांनी स्वतः म्हटलं होतं. याच सुरात, इतक्याच नरमाईने. एक म्हातारे गृहस्थ वडिलांच्या जन्माच्या दाखल्यासाठी तीनदा येऊन गेले होते. तिसऱ्यांदा परत जाताना ते जिन्यावर बसले होते, दप्तरदारांनी खिडकीतून पाहिलं होतं. त्या वेळी काही वाटलं नव्हतं.

"मग मी काय करू?" त्यांनी विचारलं.

"संग्रहालयातून तज्ज्ञांचं पत्र आणा. हा पक्षी नाही, असं."

त्या संध्याकाळी ते बाईंच्या पलंगाशी स्टूल ओढून बसले. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती, पण कचेरीतलं घरी सांगायचं नाही हा त्यांचा नियम. सांगण्यासारखं काही घडतही नसे. आज मात्र अपमान पोटात मावत नव्हता.

"अगं, तो मला विचारतो, पक्षी कुठे पकडला! मी म्हटलं, फूटपाथवर. ते त्याने लिहून घेतलं!"

बाईंनी दोरीवरची नजर काढून त्यांच्याकडे बघितलं. ते चिडून सांगत राहिले. जंगलात सोडायचा रकाना आला तेव्हा बाईंच्या तोंडाची डावी बाजू वर गेली. उजवी जागीच होती. अर्धंच हसू, पण हसू होतं. दप्तरदारांचं वाक्य अर्ध्यात राहिलं.

"पुढे सांगा की, काका," मावशी म्हणाल्या. "दोन घास जास्त गेलेत आज."

मग तो परिपाठ झाला. रोज सकाळी दप्तरदार चादरीतला पक्षी घेऊन बाहेर पडत आणि संध्याकाळी पलंगाशी बसून हकिकत सांगत. संग्रहालयाच्या पहारेकऱ्याने चित्र आत नेऊ दिलं, पण बाहेर आणताना पकडलं, कारण इथून चित्रं बाहेर न्यायला बंदी होती. विमा कार्यालयाने कळवलं, की पक्षी सरकारजमा झाल्यास गादीची भरपाई थांबेल. गादीचा आणि पक्ष्याचा संबंध काय, हे कोणालाच सांगता आलं नाही. दप्तरदार ज्याचं त्याचं बोलणं हुबेहूब करून दाखवू लागले. आपल्याला नक्कल करता येते हे त्यांना बासष्टाव्या वर्षी कळलं. एकदा तर काही काम नसताना ते वन्यजीव कार्यालयात जाऊन उगाच चौकशी करून आले. संध्याकाळी सांगायला काहीतरी हवं होतं.

संग्रहालयातल्या पक्षीविभागाचे प्रमुख उंच, वाकलेले, अतिशय सभ्य गृहस्थ होते. पक्ष्यांवर त्यांची तीन जाडजूड पुस्तकं होती. त्यांनी भिंग घेऊन चित्र न्याहाळलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "वा," ते म्हणाले. "काय हात आहे! हा पिसांचा काळा काठ बघा. हे मला आठ दिवस ठेवू द्या."

आठाचे बारा दिवस झाले. शेवटी पत्र मिळालं, शिक्क्यासह: 'सदर वस्तू पक्षी नसून पक्ष्याचे चित्र आहे.' आणि खाली, न मागता, एक ओळ अधिक: 'चित्र बारीकसारीक तपशिलांसह शास्त्रीयदृष्ट्या अचूक आहे.' वन्यजीव कार्यालयातल्या अधिकाऱ्याने पत्र दोनदा वाचलं, एका कागदावर पट्टीने चौथा रकाना आखला, त्यात लिहिलं 'पक्षी आढळून आला नाही', आणि उठून दप्तरदारांचा हात हातात घेतला. दप्तरदारांनीही तो जरा जास्त वेळ धरून ठेवला.

भिंत वाळली होती. बाईंचा पलंग आत गेला. इंजिनियर ड्रिल घेऊन दारात उभे राहिले, तेव्हा दप्तरदारांनी त्यांना चहा दिला आणि चित्र जेवणाच्या खुर्चीवर उभं करून खुर्ची पलंगाच्या पायथ्याशी लावली. नाही खिळा, नाही भोक. हे पहिल्या दिवशी का सुचलं नाही, असं इंजिनियर म्हणाले.

"बघ," दप्तरदार म्हणाले. "हाच तो."

बाई बघत राहिल्या. दप्तरदारांनी घसा खाकरला, खिशातून पत्र काढलं आणि उभं राहून, ज्या आवाजात ते पूर्वी आदेश वाचत त्या आवाजात वाचलं. "चित्र बारीकसारीक तपशिलांसह शास्त्रीयदृष्ट्या अचूक आहे."

बाईंच्या कपाळाला आठी पडली. डावा हात पांघरुणातून बाहेर आला. ओठ जुळले, सुटले, परत जुळले. मावशींनी पाण्याचा पेला उचलला, पण बाईंनी मान हलवून नाही म्हटलं.

"चू," त्या म्हणाल्या. मग डोळे मिटून, सगळा जीव एकवटून, "चूक."

दप्तरदारांना शब्द ऐकू आला, पण त्यांच्या तोंडून, सवयीने, वेगळंच गेलं. "अगं, चूक कशी? तज्ज्ञांची सही आहे. शिक्का आहे."

"चूक," बाई म्हणाल्या, या वेळी लवकर. आणि बोट चित्राकडे रोखून, "पाय."

दप्तरदार गुडघ्यावर बसले. इंजिनियर त्यांच्या मागे वाकले. सुतारपक्ष्याचा उजवा पाय खोडाला धरून होता. दोन बोटं पुढे, दोन मागे. डावा पायही धरून होता. तीन पुढे, एक मागे, कावळ्या-चिमणीसारखी. दोन महिने ते हा पक्षी छातीशी धरून गावभर फिरले होते, फ्रेमवाल्याने पाहिला, अधिकाऱ्याने पाहिला, तज्ज्ञांनी बारा दिवस भिंगातून पाहिला. पिसं पाहिली, तुरा पाहिला, पायांची बोटं कोणी मोजली नव्हती. दप्तरदारांनी परत मोजली. मग त्यांना नीट दिसेना, म्हणून चष्मा काढला, आणि तो पुसायचं विसरून तसेच जमिनीवर बसून राहिले.

"हे बघा, तज्ज्ञ आम्हीसुद्धा होतो," इंजिनियर हळूच म्हणाले आणि बाईंना नमस्कार करून ड्रिलसकट वर निघून गेले.

दप्तरदारांनी त्याच संध्याकाळी संग्रहालयाला पत्र लिहिलं. संदर्भ, विषय, आणि मजकूर एका ओळीचा: 'आपल्या दाखल्यातील, पक्ष्याच्या पायांच्या तपशिलाबाबत माझ्या पत्नीचा आक्षेप आहे.' मुलीला फोन केला तेव्हा त्यांना दोन शब्द सांगायला बराच वेळ लागला, आणि तिने ते त्यांच्याकडून परत एकदा म्हणवून घेतले.

उत्तराऐवजी तिसऱ्या दिवशी पक्षीविभागाचे प्रमुख स्वतःच आले. दारात बूट काढताना ते किंचित दुखावलेले दिसले. सुतारपक्ष्याचे पाय त्यांना शिकवणारं कोणी या वयात भेटेल असं त्यांना वाटलं नव्हतं. "काहीतरी गैरसमज असेल," ते दप्तरदारांना हलक्या आवाजात म्हणाले. "त्यांची तब्येत अशी... मी त्यांना वाईट वाटू देणार नाही."

मावशींनी बाईंना मागे दोन उशा देऊन बसवलं होतं, केस विंचरले होते. प्रमुख पलंगाशी आले, वाकून नमस्कार केला, आणि आपण पंचवीस वर्षं या क्षेत्रात असल्याचं अतिशय नम्रपणे सांगू लागले. बाईंनी ते पुरतं ऐकून घेतलं. मग डावा हात उचलून खुर्चीकडे बोट केलं.

"मोजा," त्या म्हणाल्या.

प्रमुखांनी दप्तरदारांकडे बघितलं. दप्तरदार खिडकीबाहेर बघत होते. शेवटी ते उंच गृहस्थ खुर्चीसमोर उकिडवे बसले, खिशातून भिंग काढलं, आणि उजव्या पायापासून भराभर मोजायला लागले, "एक, दोन, मागे एक, दोन. बरोबर. आता डावा. एक, दोन..." आणि थांबले. त्यांची मान आधी लाल झाली, मग कान.

"तीन," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले.

बाई उशीवरून पुढे वाकल्या. मावशी धरायला धावल्या, पण बाईंचा तोल त्यांचा त्यांनीच सावरला होता.

"मोठ्याने," बाई म्हणाल्या. "परत."